ऑलिंपिकवाली ट्यूब

८ ऑगस्ट १९८८, सोमवार

कंपनीची कबड्डी टीम होणार, हे आता नक्की. वेल्फेअर ऑफिसर श्रीपाद साहेबांनी आज दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. बारा खेळाडू घेणार आणि त्यात जे टेंपररी असतील त्यांना कायम करणार. मेडिकल दसऱ्याच्या आधी, निवडीचे सामने दसऱ्यानंतरच्या रविवारी.

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. अंबरनाथच्या या रंगाच्या कंपनीत मी तिसरं वर्ष टेंपररी आहे. दर काही महिन्यांनी 'ब्रेक' देतात. म्हणजे घरी बसवतात आणि महिन्याने नवा माणूस म्हणून परत घेतात. वरिष्ठ लोक दर वेळी मला नाव विचारतात आणि मी दर वेळी सांगतो, अनंता. पुढचा ब्रेक एक नोव्हेंबरला. त्याआधी टीममध्ये शिरलो तर सुटलो.

कबड्डीत मात्र मी नवा नाही. आमच्या गावात, चिखलोलीत, लहानपणापासून तेच केलं. भगवान म्हणतो, चढाईला तुझी जागा पक्की समज. भगवान लेथवर आहे, कायम आहे आणि कप्तान तोच होणार, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आहे.

एकच लफडं आहे. पायाला चिखल्या झाल्यात.

११ ऑगस्ट, गुरुवार

दिवसभर गमबूट, संध्याकाळी चिखलात सराव. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सुटते. खाज अशी की चढाईत 'कबड्डी कबड्डी' म्हणताना मध्येच 'आईगं' निघालं आणि दम गेला म्हणून बाद दिलं.

आईने काल रात्री बोटांत मेंदी थापली. म्हणाली, "मेंदीनं सुकतं रं. तुझा बापूस पन लावीत व्हता." सकाळी बूट काढताना लाल बोटं सगळ्यांनी पाहिली. टीममधला बबन म्हणाला, "वहिनी, हळद कधी?"

स्टोअरचा रघु मोठ्याने ओरडला, "चिखलोलीचा चिखल्या!" रघुही टेंपररी, रघुही चढाईचा खेळाडू. तो हसला त्यात खेळीमेळी कमी होती.

भगवान मला बाजूला घेऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. वासाने पकडवाले मागे सरतात, हा आपला फायदाच आहे. पण मेडिकलला डॉक्टर पण मागे सरला तर?"

१४ ऑगस्ट, रविवार

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. बाजारात होतूशेठचं मेडिकल आहे. होतूशेठ डॉक्टर नाही, पण काउंटरमागे इतकी वर्षं उभा आहे की डॉक्टरांनाही नावं ठेवतो. मी पाय वर करून दाखवायला लागलो तर म्हणाला, "नीचे रख साईं, गिऱ्हाईक भागेगा. खुजली ना? समझ गया."

पांढऱ्या रंगाची, हिरव्या पट्ट्याची ट्यूब दिली. "दो दिन लगा. तिसरे दिन बोलेगा, होतूशेठ, खाज कुठे होती, दाखव."

शेवटचं वाक्य त्याने मराठीत म्हटलं. खात्रीचा माल असला की तो मराठी बोलतो.

१७ ऑगस्ट, बुधवार

चमत्कार! खाज नाही. लाली नाही. रात्री लावली, सकाळी थंड. सराव झाल्यावर मी पाय वर करून सगळ्यांना दाखवले. बबनने हात जोडले.

बायकोने, सखूने, मात्र पाय बघून विचारलं, "मेलं का झोपलं?"

"काय?"

"जे व्हतं ते."

मी म्हटलं, औषधाला असले प्रश्न विचारत नाहीत.

३० ऑगस्ट, मंगळवार

ट्यूब बंद करून चार दिवस झाले आणि खाज परत आली, व्याजासकट. पुन्हा लावली, पुन्हा गेली. म्हणजे औषध चांगलं आहे, दोष पावसाचा आहे.

टीममध्ये बऱ्याच जणांना तेच सुरू झालंय. भगवानच्या टाचेवर, बबनच्या दोन्ही पायांना, आणखी तिघांना. बरं झालं, ट्यूब माझ्याकडे होती. सराव संपला की नळावर पाय धुवायचे, खांबाला टांगलेल्या आपल्या एकाच पंच्याने पुसायचे आणि ट्यूब फिरवायची, अशी पद्धत मी पाडली आहे. टीममध्ये एकी हवी. रघुलाही मी पंचा नाकारला नाही. त्याने ट्यूब घेतली नाही, म्हणाला, "मला तुमच्यासारखी घाण नाही." पंचा मात्र पायापासून मांडीपर्यंत फिरवला.

११ सप्टेंबर, रविवार

पायाच्या वरच्या बाजूला एक गोल आला आहे. बोटांत काही नाही, वर गोल. कड धड दिसत नाही, उजेडात धरला तर दिसतो. आणि जांघेतही. चालताना समजतं.

चांगली गोष्ट अशी की पायाची कातडी अगदी नाजूक, गुलाबी, चकचकीत झाली आहे. तान्ह्या बाळाची असते तशी. बबनने हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या आठवड्यात त्याला बघायला मुलीकडचे येणार आहेत. तो ट्यूब तोंडाला लावणार आहे. मी म्हटलं, "अरे, पायाची आहे." तो म्हणाला, "कातडी पायाची काय, तोंडाची काय, एकाच माणसाची ना?"

मी ट्यूब त्याच्या हातात ठेवली.

२२ सप्टेंबर, गुरुवार

बबन खरंच उजळला. मुलीकडचे त्याला बघून गेले, होकार आला. होतूशेठकडे आता आमच्या कंपनीची रांग असते. तो मला बघितलं की बसायला स्टूल देतो.

सखूच्या कमरेला, निरीच्या गाठीखाली, गोल चट्टा आलाय. मी ट्यूब पुढे केली. तिने ती उचलून खिडकीत ठेवली.

"ही मना नको. तुमी लावताव तवा जातं, नाय लावलं का येतं. ह्या औषदाचा तुमाला नाद लागलाय. बापूसाला ताडीचा व्हता तसा."

"मग काय करायचं?"

"चामडीच्या डॉक्टरनीकडं जायाचं. तुमी बी."

मी म्हटलं, मेडिकल जवळ आलं आहे, आता मध्ये घोडं बदलायचं नाही. ती म्हणाली, "घोड्यालाच गजकर्ण झालाय."

२८ सप्टेंबर, बुधवार

पेपरात मोठी बातमी. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरला पहिला आलेला धावपटू स्टेरॉइडमध्ये पकडला गेला. लघवी तपासली, सोनं काढून घेतलं, विमानात बसवून घरी पाठवलं. भगवानने जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. स्टेरॉइड म्हणजे काय ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. भगवान म्हणाला, "ताकद येते. पण मेडिकलमध्ये कळतं."

बबन म्हणाला, "आपल्याकडे असलं कुठे मिळायला!"

सगळे हसले. मीही.

१ ऑक्टोबर, शनिवार



सखूने अखेर नेलंच. कॅम्प तीनमध्ये मीरचंदानी बाई म्हणून चामडीच्या डॉक्टर आहेत. सिंधी, पण मराठी आपल्यापेक्षा फाडफाड. सखूची कंबर बघितली, माझा पाय बघितला, जांघ बघितली (सखूला तोंड फिरवायला सांगावं लागलं नाही, ती आधीच हसत भिंतीकडे वळली होती). पातीने थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली, आत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "काय लावता?"

मी खिशातून ट्यूब काढली. बाईंनी ती चिमटीत धरली, उंदराची शेपटी धरतात तशी.

"हे कुणी दिलं? हे स्टेरॉइड आहे."

पुढे त्या बराच वेळ बोलल्या. बुरशी, पांघरूण, असं काही तरी. मला फक्त विमान दिसत होतं.

बाहेर आल्यावर सखूला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"आयकलंव नाय का? अंगात बुरशी हाय. त्या ट्यूबीनं खाज झोपते नि बुरशी चरते. हे नवं मलम लावायचं, बरं दिसलं तरी महिनाभर. गोली जेवल्यावर, जेवनात वाईच तूप. पाय कोरडं. पंचा ज्याचा त्याचा. आनि जुनी ट्यूब सोडली का आदी भडकेल, मंग उतरंल. घाबरायचं नाय."

मला घाबरायला एवढ्या गोष्टी नको होत्या. एकच पुरे होती. दीड महिना मी स्टेरॉइडवर आहे आणि मेडिकल सतरा तारखेला आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

निर्णय घेतला. मेडिकलपर्यंत कुठलीच ट्यूब नाही. जुनी नाही, नवीही नाही. गोळीही नाही. कशात काय असेल सांगता येत नाही. शरीर साफ ठेवायचं. भरपूर पाणी पितो, दर अर्ध्या तासाला जाऊन येतो. सुपरवायझरने विचारलं, मधुमेह आहे का.

सखू तिचं मलम नेमाने लावते. माझ्या वाटणीचं तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आहे. म्हणते, "निदान नमस्कार तरी करा."

६ ऑक्टोबर, गुरुवार

भगवानला फक्त विश्वासात घेऊन सांगितलं. त्यालाही मीच ट्यूब लावली होती, सांगणं भाग होतं. भगवान म्हणाला, "म्हणून परवा मी तिघांना घेऊन रेषेपर्यंत गेलो?"

"नाही रे."

"नाही कसं? गेल्या वर्षी एकाला घेऊन नाही जमायचं."

तो कुणाला सांगणार नव्हता. त्याने फक्त बबनला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कँटीनच्या आचाऱ्यालाही माहीत होतं. संध्याकाळी बबन कॅम्प दोनहून पिशवी भरून आला आणि नळावर उभा राहून दोन्ही मांड्यांना ट्यूब चोळायला लागला. त्याच्या तोंडावर आता बारीक लाल फोड उठलेत, गाल भाजल्यासारखे दिसतात, पण त्याचं लक्ष मांड्यांवर होतं.

"होतूशेठ काय म्हणाला?" मी विचारलं.

"मी म्हटलं, शेठ, ह्यात स्टेरॉइड आहे. तो म्हणाला, है तो है, मैं खुद लगाता हूँ साईं, कभी दौडते देखा? मग मी पेपरातलं सांगितलं. आता तो गिऱ्हाइकाला म्हणतो, कौनसी दूँ, सादी की ऑलिंपिकवाली?"

८ ऑक्टोबर, शनिवार

बाईंनी सांगितलं होतं ते खरं, भडकलं आहे. दोन्ही पाय घोट्यापर्यंत लाल, पाणी सुटतं. गमबूट घालताना डोळ्यांतून पाणी येतं. रात्री मी पाय थंड फरशीला लावून झोपतो.

सखूचा चट्टा विझत चाललाय. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "मी मेडिकलला नाय बसनार ना."

खिडकीतली ट्यूब बघतो. आज लावली तर उद्या पाय साफ. डॉक्टर बघेल तो पाय साफ, पण लघवीत स्टेरॉइड. नाही लावली तर लघवी साफ आणि पाय असा. माणसाने कुठून पास व्हायचं?

१० ऑक्टोबर, सोमवार

रघुने तक्रार केली. श्रीपाद साहेबांच्या टेबलावर कागद आहे: 'अनंता हा खेळाडू स्टेरॉइडचे सेवन करतो व इतरांनाही देतो, तरी त्यास निवडीतून बाद करावे.' भगवानने तो कागद स्वतः पाहिला. परवा चौकशी.

आईला सांगितलं. तिने विचारलं, "म्हंजी दारू का?" मी म्हटलं, नाही. "बाई?" नाही. "मंग कायला घाबरतंस?"

१२ ऑक्टोबर, बुधवार

चौकशी वेल्फेअरच्या खोलीत झाली. श्रीपाद साहेब, कंपनीत आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर बेंद्रे, रघु, मी आणि कप्तान म्हणून भगवान. बाकीचे दाराबाहेर, दार अर्धं उघडं.

साहेबांनी कागद वाचला. डॉक्टरांनी विचारलं, "कसं सेवन करता?"

मी म्हटलं, "बोटांच्या बेचक्यात."

डॉक्टर बेंद्रे हसायला लागले. इतके की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "अहो, ते स्टेरॉइड वेगळं, हे वेगळं. ही पायाला लावून कुणी पळायला लागत नाही. लागला असता तर मीच लावली असती, मला रोज लोकलमागे पळावं लागतं."

म्हणजे सुटलो! मी भगवानकडे बघितलं, तर तो जरा हिरमुसला होता. रेषेपर्यंतचे तिघे आठवले असतील.

"पण पाय दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी बूट काढला. हसणं थांबलं. श्रीपाद साहेबांनी खुर्ची मागे घेतली. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "हे खरं लफडं. बुरशी आहे, वर ट्यूबने पोसलीय. एका मैदानात अनवाणी खेळणार, सगळ्यांना देईल हा. मी पास करू शकत नाही."

रघु म्हणाला, "मी तेच म्हणत होतो साहेब. मुद्दा तोच होता."

मी बूट घालायला खाली वाकलो, कारण तोंड कुठे तरी न्यायला हवं होतं. एक तारखेला ब्रेक, टीम गेली, पुन्हा नवा माणूस.

तेवढ्यात भगवान म्हणाला, "डॉक्टर, मग माझा पण बघा." आणि त्याने टेबलाला टेकून बूट काढला. टाच तशीच. "आणि बाहेरच्यांचे पण बघा. एकट्याला कशाला? ए, या रे आत. मोजे काढा."

खोलीत एवढे पाय मी कधी पाहिले नाहीत. वासाने पंखा जड फिरायला लागला. एकही पाय धड नव्हता. बबनने तर तोंडही पुढे केलं. डॉक्टर म्हणाले, "याला काय झालं?" भगवान म्हणाला, "याचं लग्न ठरलंय."

राहिला रघु. तो म्हणाला, "मी ठणठणीत आहे, माझं बघायची गरज नाही." पण डॉक्टरांनी बोट दाखवलं, तेव्हा त्याने मोजा खाली केला. घोट्यावर गोल, पोटरीवर दुसरा.

"तो जन्मापासून आहे," रघु म्हणाला.

"मग जन्मापासून पसरतोय," डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांना एकदम कसं झालं, मला कळत नाही. कंपनीचं पाणीच तसं असेल.

डॉक्टरांनी निकाल दिला. मेडिकल आणि सामने, दोन्ही नोव्हेंबरअखेर. सगळ्यांनी नीट औषध घ्यायचं, होतूशेठकडे कुणी फिरकायचं नाही. मी मीरचंदानी बाईंचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडेच जा, त्यांना चांगलं कळतं.

बाहेर पडल्यावर सगळे खूश. रघुसुद्धा. पुढच्या महिन्यात त्याचा ब्रेक नाही. माझा आहे. नोव्हेंबरअखेर मी कंपनीच्या हजेरीवरच नसेन, मग मला मेडिकलला कोण उभं करणार? भगवान म्हणाला, "साहेबांना भेट." मी म्हटलं, साहेबांनी खुर्ची मागे घेतली ती बघितलीस ना?

रात्री देव्हाऱ्याशेजारचं मलम उचललं. सखूने जेवताना माझ्या भातावर तूप वाढलं, स्वतःच्या नाही वाढलं. ते मी अर्धं तिच्या ताटात लोटलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

मलम लावतो, गोळी घेतो, पाय पंख्यासमोर धरून बसतो. रात्री खाज उठते तेव्हा सखू माझे दोन्ही हात उशीखाली दाबून वर डोकं ठेवते. खिडकीतली ट्यूब आईने फेकून दिली. बबनच्या होणाऱ्या सासऱ्यांनी त्याचं तोंड बघून निरोप पाठवलाय, की मुलगा बदलला का?

ब्रेकचं मी कुणाशी बोललो नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

आज सुट्टी होता होता श्रीपाद साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. मला वाटलं, ब्रेकचा कागद आजच देतात.

साहेब थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या तुमच्या बाई डॉक्टर. स्वभावाने कशा आहेत?"

"चांगल्या आहेत साहेब."

"रागावतात का?"

"ट्यूब बघून रागावतात."

साहेबांनी पुन्हा पेपरवेट फिरवला. मग टेबलाखालून बुटाची नाडी सुटल्याचा आवाज आला. मी मान खाली घातली. बघावं लागलंच. माझ्यापेक्षा वाईट. कातडी कागदासारखी, वर निळ्या शिरा, आणि गोल घोट्याच्या वर पँटच्या आत निघून गेलेला.

"होतूशेठ?" मी हळूच विचारलं.

"कॅम्प दोन," साहेब म्हणाले. "दोन पावसाळे झाले. हे कुणाजवळ बोलायचं नाही, अनंता."

साहेबांनी मला न विचारता माझं नाव घेतलं, हे पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "साहेब, एक तारखेला माझा ब्रेक आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि बूट चढवायला लागले. चढेना. मी खाली बसून टाच आत सरकवून दिली. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्या मला घेऊन चला. एकट्याने जायला बरं वाटत नाही."

उद्या खंडेनवमी. मशिनची पूजा झाली की दुपारी सुट्टी. गेटपासून लांब, नाक्यावर भेटायचं ठरलंय, तिथून रिक्षाने कॅम्प तीन. फक्त भगवानला आणि सखूला सांगितलं. भगवान म्हणतो, एवढा रस्ता आहे, साहेब वाटेत ब्रेकचं काही तरी बोलतीलच. सखू म्हणते, जाताना बोलले तर विश्वास ठेवू नका, येताना बोलले तर ठेवा, कारण तोवर बाईंनी त्यांना पँट वर करायला लावलेली असेल.